बार्शीटाकळी ते बेलोरा: आकाशातल्या एका तासाचा हिशेब

अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागले की अर्ध्या-पाऊण तासात बार्शीटाकळी येते. तालुक्याचे गाव. इथले कालंका देवीचे हेमाडपंती देऊळ अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा. मुस्लिम वस्ती मोठी. मशिदी आहेत, उर्दू शाळा आहेत, गुलाम नबी आझाद यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. भोवती कापूस, सोयाबीन आणि तुरीची वावरे. तालुक्यातच महानला काटेपूर्णेचे धरण आहे आणि अकोला शहर त्याचे पाणी पिते. गावाला रेल्वेही आहे. अकोला-पूर्णा हा पूर्वीचा मीटरगेज मार्ग, २००८ साली रुंद झाला. हीच लाईन पुढे नांदेडवरून हैदराबादकडे जाते.

अशा गावातल्या मुलांची स्वप्ने शिक्षकांना वर्षानुवर्षे पाठ असतात. मी शिकवायला लागले तेव्हा प्रत्येकाला डी.एड. करायचे होते. मग पोलीस भरतीचे दिवस आले, मग नीटचे. आता बारावी विज्ञानाच्या वर्गात विचारले, "पुढे काय करणार?" तर एखादा हात वर होतो आणि उत्तर येते, "पायलट."

हे उत्तर हवेतून आलेले नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले. त्याआधी, २०२४ साली, एअर इंडियाने बेलोऱ्यालाच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते: ३४ शिकाऊ विमाने, दरवर्षी १८० वैमानिक, दक्षिण आशियातली सर्वांत मोठी संस्था. मोबाईलवर ही बातमी गावोगाव फिरली. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर विमान चालवायला शिकवणार, म्हटल्यावर मुलांनी स्वप्न का पाहू नये?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने ते पाहिले. वडिलांचे चार एकर कोरडवाहू वावर आणि मालवाहू टेम्पो. घरी दोन धाकटे भाऊ. हिवाळ्यात एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, एक जण सांगते पन्नास लाख लागतात. दुसरा म्हणते चाळीसमध्ये करून देतो, सीट पक्की. वावराला एकरी बारा लाखांचा भाव आला आहे. विकू का नको?"

चार एकर गुणिले बारा लाख म्हणजे ४८ लाख. घरातली एकूण एक जमीन. मी म्हटले, "भाऊ, आधी बेलोऱ्याला जाऊन येऊ. वाटेत हिशेब करू." पुढच्या रविवारी ते, भाभी, मुलगी आणि मी असे चौघे निघालो.

शिवणीची धावपट्टी

अकोला ओलांडून मूर्तिजापूरच्या बाजूला निघाले की शिवणी येते. इथे अकोल्याचे विमानतळ आहे. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेले. धावपट्टी लहान आहे. ती वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि त्या जमिनीच्या प्रश्नात विस्तार वर्षानुवर्षे अडकून राहिला. अकोल्यातल्या दोन पिढ्यांनी "आता विमान सुरू होणार" हे वाक्य ऐकले आहे.

मुलीने खिडकीतून पाहिले आणि विचारले, "मॅडम, इथे का नाही शिकवत?"

तिला सांगितले ते वाचकांनाही सांगते. प्रशिक्षणाला धावपट्टी लागते, पण तेवढ्याने भागत नाही. विमाने लागतात, परवानाधारक प्रशिक्षक लागतात, देखभालीचे अभियंते लागतात, स्वच्छ हवामान लागते आणि या सगळ्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डी.जी.सी.ए.ची मान्यता लागते. महाराष्ट्रात अशी सोय असलेली ठिकाणे मोजकी: गोंदियाजवळ बिरसी, बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव, नागपूर. गोंदिया तर आपल्याच मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी मात्र दूर, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे.

तीन क्विंटलचा एक तास

शिवणीपासून पुढचा हमरस्ता गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये अकोला-अमरावती दरम्यान याच महामार्गाचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली होती. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. बोरगाव मंजूच्या पुढे आमची काटेपूर्णा आडवी येते.

इथे मी मुलीला वही काढायला सांगितली. विमान चालवून पगार घ्यायचा तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवे आणि २०० तासांचे उड्डाण हवे. भारतात या परवान्याचा एकूण खर्च आज ५० लाखांच्या आसपास जातो. कुठे थोडा कमी, कुठे बराच जास्त. ५० लाख भागिले २०० तास केले तर एका तासाचे २५ हजार रुपये होतात.

वडिलांनी लगेच दुसरा भागाकार केला. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे आकाशातला एक तास म्हणजे तीन क्विंटल कापूस. २०० तासांचे सहाशे क्विंटल. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरले तर १२० एकरांचे एका हंगामाचे पीक. आणि हे नुसते उत्पन्न झाले. बियाणे, फवारणी आणि वेचाईची मजुरी त्यातून जायचीच आहे. भाभी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मग हे आपल्यासाठी नाहीच."

त्यांना घाबरवणे हा हेतू नव्हता. पण हा आकडा घरातल्या प्रत्येकाला नीट कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे मुलांच्या शिक्षणाचा निर्णय बऱ्याचदा अब्बा आणि एखादा नातेवाईक मिळून घेतात. ज्या आईचे दागिने जाणार आणि ज्या धाकट्या भावांची जमीन जाणार, त्यांना शेवटी कळते.

आणि आकडा इथे संपत नाही. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. शिकाऊ विमान छोटे असते. प्रवासी कंपन्यांची एअरबस किंवा बोइंग चालवायची तर त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते. त्याला टाईप रेटिंग म्हणतात. त्याचे साधारण १५ ते २० लाख वेगळे. राहणे, जेवण, परीक्षांच्या फिया आणि प्रशिक्षण लांबले तर जादा महिन्यांचा खर्च वेगळा. म्हणून पहिला नियम: हिशेब परवान्यापर्यंत करू नका, नोकरीच्या खुर्चीपर्यंत करा. ४८ लाखांत परवाना येईल आणि जमीन जाईल, पण खुर्ची तरीही १५-२० लाख दूर राहील.

मूर्तिजापूरचा चहा आणि व्याजाचा प्रश्न

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. इथून यवतमाळ आणि अचलपूरला शकुंतला ही छोटी गाडी जायची. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने टाकलेली लाईन; आता बंद आहे. वडिलांनी कप खाली ठेवला आणि जो प्रश्न मला अपेक्षित होता तो विचारला. "बँक देते म्हणतात. पण व्याज, मॅडम."

आपल्या घरांत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि तो टाळून हा विषय लिहिता येत नाही. शिक्षणासाठी व्याजी कर्ज घ्यावे की नाही, यावर मी मत देणार नाही. त्यासाठी आपापल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पण त्यांना विचारताना पुढची माहिती हातात असू द्या.

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत डी.जी.सी.ए. मान्य वैमानिक प्रशिक्षण बसते. मात्र साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर तारण मागतात. घर किंवा प्लॉट चालतो. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला अनेक बँका तयार नसतात. ५० लाख, ११ टक्के, १० वर्षे असा हिशेब केला तर महिन्याचा हप्ता ६९ हजारांच्या आसपास येतो. शिकत असताना हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत राहते. नोकरी लागली तर पहिल्या पगारांतून हा हप्ता जाऊ शकतो. नोकरी एक-दोन वर्षे लांबली तर टेम्पोच्या कमाईतून जाणार नाही.

आणि नोकरी लांबते. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपन्या बंद पडल्या, तेव्हा अनुभवी वैमानिक रांगेत आले आणि नव्या परवानाधारकांची रांग मागे सरकली. उलट बाजूही खरी आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. येत्या १५-२० वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील असे सरकार सांगते. गरज आहे, पण नेमकी तुमची मुलगी परवाना घेऊन बाहेर पडेल त्या महिन्यात जागा असतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. "सीट पक्की" म्हणणारा दलाल तर नाहीच नाही.

कमी व्याजाचे सरकारी मार्गही आहेत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज योजना ३ टक्के दराने ५ लाखांपर्यंत मदत करते. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजनेत देशातल्या व्यावसायिक शिक्षणाला २० लाखांपर्यंतची मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात तिचा रस्ताही मौलाना आझाद महामंडळातूनच जातो. दोन्हीकडे उत्पन्नाची अट असते. अर्ज करण्याआधी "वैमानिक प्रशिक्षणाला ही योजना लागू आहे का?" हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिचे नाव सांगून कोणी परदेशातले प्रशिक्षण गळ्यात मारत असेल तर सावध व्हा.

ज्या दाराकडे आपण पाहत नाही

एक दार आपल्या लोकांच्या नजरेतून सुटते. नागपूरची 'महाज्योती', म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी काम करते. तिने नागपूर फ्लाईंग क्लबसोबत २० विद्यार्थ्यांना व्यावसायिक वैमानिक बनवण्याची योजना काढली होती, संस्थेच्या खर्चाने.

हे ऐकून वडील म्हणाले, "ते आपल्यासाठी नसेल." मी विचारले, "भाऊ, तुम्ही बागवान ना?"

महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीय यादीत मुस्लिम समाजातल्या अनेक जाती आहेत: बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी-मन्सुरी, मुलाणी, मनियार आणि इतर. वऱ्हाडात ही घरे हजारोंनी आहेत. पण दाखला काढलेला नसतो. शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुस्लिम' लिहिलेले असते, आजोबांच्या दाखल्यावर काही वेगळेच असते आणि मुलगी बारावीला पोचली की धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, पुढे जात पडताळणी: यांना वेळ लागतो, पण ५० लाख लागत नाहीत. वैमानिकच नव्हे, डॉक्टर-इंजिनिअर व्हायलाही हीच कागदपत्रे लागतात. मूल आठवीत असतानाच ती कामाला लावावीत.

जागा २० आणि अर्ज शेकड्याने, हे खरे. दरवर्षी जाहिरात येईलच असेही नाही. तरीही संस्थेच्या संकेतस्थळावर नजर ठेवणे फुकट आहे.

बेलोरा

बडनेऱ्यावरून यवतमाळ रस्त्याला वळलो. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे. सत्तरेक प्रवाशांचे ए.टी.आर. विमान तिथे उतरते. आत जाण्याची परवानगी नव्हतीच. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभे राहिलो. पलीकडे सपाट जमीन, वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी कापडी पायजमा आणि लांबवर टर्मिनलची इमारत. आमच्यासारखी आणखी दोन-तीन कुटुंबे आली होती. लहान मुले तारेला नाक लावून उभी होती.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, वारा समोरून असेल तर विमान लवकर उचलतं ना? मग पायजमा तिकडे उडतोय, म्हणजे ते या बाजूने पळेल." वडिलांनी माझ्याकडे पाहिले. पोरीला हे कोणी शिकवले, असा त्यांचा चेहरा होता. तिने ते पुस्तकात वाचले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मोठी संस्था जवळ आली म्हणजे फी कमी झाली असे नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजनांत निवड आधी होते, टाईप रेटिंगसुद्धा त्यातच धरलेले असते आणि एकूण खर्च कोटीच्या घरात जातो. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीची फी ४५ लाखांच्या घरात आहे. ती हप्त्यांनी घेतात आणि प्रवेश परीक्षेवर प्रवेश देतात. एक दिलासा असा की, डी.जी.सी.ए. मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना जी.एस.टी. लागत नाही, असे जी.एस.टी. परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. संस्थेच्या कोटेशनमध्ये १८ टक्के लावले असतील तर विचारा.

संस्था निवडताना दोन गोष्टी पाहा. २०२५ पासून डी.जी.सी.ए. उड्डाण संस्थांची क्रमवारी जाहीर करते. पहिल्या यादीत एकही संस्था वरच्या 'ए' श्रेणीत नव्हती. ती यादी स्वतः उघडून पाहा. दुसरे म्हणजे, तिथे शिकणाऱ्या चार मुलांना भेटून एकच विचारा: "गेल्या महिन्यात तुझे किती तास उड्डाण झाले?" विमाने कमी आणि मुले जास्त असली की दीड वर्षाचे प्रशिक्षण तीन वर्षांवर जाते. तोपर्यंत खोलीचे भाडे चालूच राहते.

हैदराबादची सलवा फातिमा

परतीच्या वाटेवर भाभींनी विचारले, "आपल्यातली कोणी मुलगी झाली आहे का पायलट?"

झाली आहे, आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादेत. सय्यदा सलवा फातिमा. जुन्या शहरातली मुलगी, वडील बेकरीत काम करणारे. 'सियासत' या उर्दू दैनिकाचे संपादक जाहिद अली खान यांनी तिच्या पाठीशी उभे राहून तिला २००७ साली आंध्र प्रदेश एव्हिएशन अकादमीत पाठवले. २०१३ च्या सुमारास व्यावसायिक परवाना हातात आला. हिजाब घालून विमान चालवणारी मुलगी म्हणून तिचे फोटो छापून आले. बहुतेक लोकांना गोष्ट इथपर्यंतच ठाऊक असते.

पण परवाना असूनही ती लगेच प्रवासी विमानात बसू शकली नाही. दोन इंजिनांच्या विमानाचे आणि टाईप रेटिंगचे प्रशिक्षण बाकी होते, आणि त्याचे लाखो रुपये बेकरीतून येणार नव्हते. शेवटी तेलंगणा सरकारने ३५ लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली, परदेशात उरलेले प्रशिक्षण झाले आणि मग ती एअरलाईनची वैमानिक झाली.

मला या कहाणीत दोन गोष्टी दिसतात. पहिली, तिच्या वडिलांनी विकायला काही नव्हतेच; तरीही ती पोचली, कारण दोन वेगळ्या हातांनी दोन वेगळ्या टप्प्यांवर मदत केली. दुसरी, मधली वर्षे शेवटच्या टप्प्याच्या पैशासाठी गेली. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. म्हणजे अडचण मुलगी असण्याची नाही, शेवटच्या पायरीची आहे.

आपल्या समाजाने नेमकी तीच पायरी उचलावी असे मला वाटते. आपण जलशात सत्कार करतो, शाल देतो, पाच हजारांचे पाकीट देतो. त्याऐवजी हिशेब करून पाहा. चाळीस घरांनी प्रत्येकी ५० हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले तर २० लाख होतात. ते पहिल्या दिवशी देऊ नका. मुलाने परवाना मिळवून दाखवला की टाईप रेटिंगसाठी द्या. तोवर त्याची लायकी सिद्ध झालेली असते आणि जोखीम पुष्कळ कमी झालेली असते. नोकरी लागल्यावर तो तीन-चार वर्षांत फेडेल आणि तेच पैसे पुढच्या मुलाला मिळतील. मात्र हे तोंडी ठेवू नका. देण्याघेण्याचे कागद साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, हे सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. सूरह बकराची २८२ वी. ती आपण तिलावतीत वाचतो आणि व्यवहारात विसरतो.

बिनफीची वाट

आणखी एक रस्ता असा आहे की ज्याला फीच नाही. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एन.डी.ए. तिथून हवाई दलात वैमानिक होता येते आणि प्रशिक्षणाचा खर्च देश करतो. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश मिळतो. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे आणि मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला आहे. दहावीनंतर निवड होते आणि शिक्षण मोफत. आपली किती मुले तो फॉर्म भरतात? हैदराबादचेच इद्रीस हसन लतीफ याच हवाई दलाचे प्रमुख झाले आणि पुढे १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आमच्या शाळेत हे नाव मी दरवर्षी सांगते.

विमानाच्या जगात चाकावर हात असलेलेच लोक नसतात. विमान देखभाल अभियंत्याचे शिक्षण वैमानिकाच्या फीच्या एका लहान भागात होते. भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. करून हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते. ती सरकारी नोकरी आहे.

काय ठरले

अकोल्यात शिरेपर्यंत अंधार पडला होता. वहीत जे लिहिले गेले ते इथे देते, कारण अशी घरे आणखी असतील.

वावर विकायचे नाही. ते तिघा भावंडांचे आहे आणि एकीच्या अर्ध्या वाटेसाठी सगळ्यांचे संपवणे हा इन्साफ नव्हे, हे वडील स्वतःच म्हणाले.

पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची, डी.जी.सी.ए.च्या यादीतल्या डॉक्टरांकडे. रंग ओळखण्यात दोष असेल किंवा हृदयाची तक्रार असेल तर ती काही हजारांत कळते. लाखो भरल्यावर कळण्यापेक्षा ते बरे. चष्मा असला म्हणून घाबरू नये. चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालते.

दुसरा खर्च अभ्यासाचा. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा बी.एस्सी. करता करता देता येतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. हे पेपर सुटले नाहीत तर उड्डाणाचे पैसे वाचले असे समजावे. सुटले तर सरकारी अकादमीच्या परीक्षेला आणि महाज्योतीच्या मुलाखतीला तीच तयारी कामी येते.

तिसरे, जातीच्या दाखल्याचा अर्ज याच महिन्यात. चौथे, नाशिकच्या संस्थेची माहिती धाकट्या चुलत बहिणीसाठी, कारण ती नववीत आहे. पाचवे, "सीट पक्की" म्हणणाऱ्याला एक रुपयाही नाही.

उड्डाणाचे मधले ५० लाख कुठून येणार, याचे पूर्ण उत्तर वहीत नाही. शिष्यवृत्तीची जागा मिळाली तर ते येतील; नाही मिळाली तर तिच्या हातात बी.एस्सी. असेल, विमानाच्या विषयांतले पास झालेले पेपर असतील आणि घराचे चार एकर शाबूत असतील. त्यातून नियंत्रक होता येईल, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

मागच्या आठवड्यात ती वैद्यकीय तपासणी करून आली. नजर ठीक, रंग ठीक, सगळे ठीक. वर्गात आली तेव्हा हवामानशास्त्राचे जुने पुस्तक तिच्या दप्तरात होते. ढगांच्या प्रकारांवर तिने शिसपेन्सिलीने उर्दूत टिपणे काढली होती.